राहिलेला पैरा

सर कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघत. घरातली माणसं "या सर, बसा सर" म्हणत पुढं येत, कुणी पाण्याचा तांब्या आणी, पण सरांची मान मागं पडलेली आणि नजर छताला चिकटलेली. वर बघून झालं की ते घरमालकाकडं बघत. त्या नजरेत अशी काही दया असे, की आपल्या घरात काहीतरी भयंकर घडलंय आणि ते फक्त आपल्यालाच माहीत नाही, असं त्या माणसाला वाटायला लागे. "ओल धरलीय," सर म्हणत. मग चहा घेत.

लग्नाला गेले तर कार्यालयाचं छत बघत. दवाखान्यात गेले तर डॉक्टर छाती तपासत असताना हे डॉक्टरांच्या डोक्यावरचा कोपरा तपासत. नृसिंहवाडीला दर्शनाच्या रांगेत ते मांडवाचे पत्रे बघत बघत पुढं सरकत, आणि दत्तापुढं आले तरी मान खाली यायची नाही. शेवटी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हातानं त्यांची मान खाली करत. "देव इथं आहे," असं सांगत.

सर आमच्या हायस्कूलचे. विज्ञान शिकवायचे. आमचं गाव कोडोलीच्या बाजूला, उसाचं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, आता कोल्हापुरात एका कॉलेजात शिकवते. मी जी काही आहे ती सरांमुळं आहे, हे मी कुठंही उभी राहून सांगते. त्यांच्याबद्दल पुढं जे लिहिणार आहे तेही तितकंच खरं आहे.

आमच्या गावात स्लॅब ही साधी गोष्ट नव्हती. पूर्वी निम्म्या गावाला उसाच्या पाल्याची नाहीतर डोंगरच्या गवताची छपरं होती. माणसं म्हशी विकून, पोरांना शिरोलीच्या कारखान्यात लावून स्लॅब टाकत, आणि स्लॅब पडला त्या दिवशी अख्ख्या गल्लीला मटण घालत. स्लॅब पडला म्हणजे घर माणसात आलं. अशा गावात एकच माणूस छपराचे गोडवे गायचा, आणि त्याच्या घराला गावातल्या पहिल्या काही स्लॅबांपैकी एक स्लॅब होता.

सरांनी छप्पर ठेवलं होतं ते शेतातल्या खोपीवर. शाळा नसली की दिवसभर ते तिथं बसत. "पत्र्याखाली माणूस भाजतो, स्लॅबखाली माणूस फुगतो, छपराखाली माणूस विचार करतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. आम्हाला ते त्यांनी दहावीच्या निरोपसमारंभातही ऐकवलं. संध्याकाळी विचार करून झाला की सर घरी येत आणि स्लॅबखाली पंखा पाचवर लावून झोपत.

गवताचं छप्पर म्हणजे म्हाताऱ्या माणसासारखं. दरवर्षी त्याचं काहीतरी करावं लागतं. पावसाआधी जुनं कुजलेलं गवत काढायचं, नवं घालायचं, बांबूच्या कामट्यांनी दाबून बांधायचं. याला शाकारणी म्हणतात. हे एकट्यादुकट्याचं काम नाही, म्हणून त्याला पैरा असायचा. आज तुम्ही माझ्या छपराला या, उद्या मी तुमच्या छपराला येतो. मजुरीचा विषय नाही. राबायचं, जेवायचं, आणि आपली पाळी आली की हक्कानं बोलवायचं.

सरांच्या शाकारणीला आम्ही म्हणजे त्यांचे जुने विद्यार्थी. कोण पोलिसात, कोण बँकेत, कोण पुण्याला कंपनीत. मे महिना आला की सरांचा सांगावा येई. अलीकडं त्यासाठी त्यांनी मोबाईलवर ग्रुप काढलाय, नाव ‘छप्पर’. ग्रुपमधून बाहेर पडायची सोय असते हे सगळ्यांना माहीत आहे. आजवर कुणाची छाती झालेली नाही.

"हे फुकट नाही," सर दरवर्षी बजावत. "हा पैरा आहे. तुमच्या छपराला मी येणार."

आता मुद्दा असा, की आमच्यातल्या एकाच्याही घराला छप्पर उरलं नव्हतं. सगळ्यांचे स्लॅब, नाहीतर पत्रे. हे कुणी भीत भीत बोललं की सर खिन्न होत. "मग मी काय करू? छपरं तुम्ही मोडलीत. माझी यायची तयारी आहे. माझा पैरा तुमच्यामुळं लोंबकळत राहिलाय." म्हणजे त्यांच्या छपरावर आम्ही राबायचं, आणि आमच्या छपरावर त्यांना राबता येत नाही याची लाजही आम्हीच वाटून घ्यायची.

शाकारणीच्या आधी तपासणी असे. तपासणीला सर छत्री घेऊन येत. ही छत्री पावसाची नव्हती. तिचं कापड कधीच गेलेलं, आणि टोकाला खिळा ठोकलेला. त्या खिळ्यानं ते छपराला ठिकठिकाणी टोचत आणि कान लावून ऐकत. कोरडं गवत ‘खस्स’ म्हणतं आणि कुजलेलं काहीच म्हणत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग वळचणीतून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेतून, मूठभर गवत उपसून ते आमच्या नाकाखालून फिरवत.

"कसला वास येतोय?"

"गवताचा," बँकेतला म्हणाला.

"तू बँकेतच बस. तू सांग."

हवालदारानं डोळे मिटून मोठा श्वास घेतला. "सर, उंदराचा."

"शाब्बास. पोलिसात गेल्याचं सार्थक झालं."

यानंतर अंधारातली तपासणी. भर दुपारी खोपीचं दार लावायचं, खिडकीला पोतं बांधायचं, सगळ्यांनी आत जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि वर बघायचं. जिथं गवत विरळ झालंय तिथून उजेडाचे ठिपके दिसत. लहानपणी ग्रहताऱ्यांचा धडा शिकवताना सर असंच बोट करत. फरक इतकाच, की या ताऱ्यांना आमची नावं होती. मागच्या वर्षी ती बाजू ज्यानं बांधली, त्याचं भोक. "हे हवालदाराचं. हे दोन जवळजवळचे, ते बँकवाल्याचे. आणि हा मोठा कुणाचा? बोला, बोला. लाजायचं नाही." त्या उकाड्यात आम्ही चाळिशीला टेकलेली माणसं माना वर करून गुपचूप बसायचो. कुणी हसलं तर सर नाव न घेता म्हणत, "हसणाऱ्याची वळचण मी बघितलीय."

जागाही वाटून दिलेल्या होत्या, वर्गातल्या बाकांप्रमाणं. पहिल्या बाकावरच्यांना आढं, म्हणजे छपराचा सगळ्यात वरचा कणा. मागच्या बाकावरच्यांना वळचण. शाळा सोडून किती काळ लोटला, कोण काय झालं, याच्याशी संबंध नाही. आमच्यातला एकजण तालुक्याला मोठ्या हुद्द्यावर आहे, लोक त्याला भेटायला चिठ्ठी पाठवून बसून राहतात. पण तो शेवटच्या बाकाचा, त्यामुळं दरवर्षी वळचणीलाच. आणि पहिल्या बाकावरचा, जो आता स्टँडसमोर चहाचा गाडा चालवतो, तो आढ्यावर घोड्यावर बसल्यासारखा बसून खाली ओरडतो, "ए सायेब, पेंढी फेक की! झोपलास व्हय?" वर्षातला तो एक दिवस चहावाला वर्षभर पुरवून खातो.

आम्ही मुली खाली पेंढ्या बांधायला. मुली छपरावर चढत नाहीत, असा सरांचा नियम. शाळेत मात्र मुली कुठंही चढू शकतात, असं त्यांचं भाषण होतं, आणि ते ऐकून माझ्यासारख्या दोघीचौघी खरंच चढल्या. मी एकदा हे त्यांना विचारलं. ते म्हणाले, "ते भाषण होतं. हे छप्पर आहे."

सर स्वतः चिंचेखाली प्लास्टिकच्या खुर्चीत. गळ्यात पीटीची शिट्टी. छपरावर कुणाचा हात जरा थांबला की शिट्टी. जेवायला मुगाची उसळ आणि भात. पैऱ्याला आलेल्या माणसांना मुगाची उसळ घालणारा माणूस कोल्हापूर जिल्ह्यात सुखानं राहू शकतो, यावर बाहेरचे लोक विश्वास ठेवत नाहीत. पण सरांचा त्यावरही सिद्धांत होता. "मटण खाल्लेला माणूस गाठ सैल बांधतो."

आणि पाऊस लागला की निकाल. ग्रुपवर फोटो येई: खोपीतली बादली, तीत पडणारा थेंब, खाली मजकूर, ‘दुसरा बाक, उजवी बाजू. नापास.’ एकदा तर त्यांनी गळतीचा आवाजच रेकॉर्ड करून टाकला. कंपनीतला आमचा मित्र पुण्यात साहेबांसमोर मीटिंगमध्ये बसलेला. चुकून बटण दाबलं गेलं आणि त्या गारेगार खोलीत टप्, टप्, टप् असा आवाज आणि मागून सर: "ऐकतोयस ना? हे तुझं आहे."

खरं सांगायचं तर त्यांचं छप्पर फारसं गळत नसे. दरवर्षी एवढी शिकलेली माणसं फुकट मिळाली तर कुणाचं गळेल?

एकदा शाळेनं बक्षीससमारंभाला त्यांना बोलावलं. नवीन हॉल, नवीन स्लॅब, व्यासपीठावर कुणीतरी बडे पाहुणे. पाहुण्यांचं बसूनच चाललेलं भाषण रंगात आलेलं असताना सर मागून वाकले आणि म्हणाले, "साहेब, खुर्ची डावीकडं घ्या." पाहुण्यांना वाटलं, आपल्या मानाच्या जागेवर गदा येतेय. त्यांनी खुर्ची उलट उजवीकडं सरकवली आणि विज्ञानानं माणसाला कुठं नेलं हे सांगू लागले. वरच्या खोलीतली टाकी भरून वाहत होती. स्लॅबमधून पाण्याची एक बारीक धार सरळ पाहुण्यांच्या टोपीवर उतरली. सगळा हॉल हसला. सर हसले नाहीत. ते वर बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं तसं मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही बघितलं नाही.

आता माझं सांगते. दहावी झाल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझं लग्न आत्याच्या मुलाशी ठरवायचं पक्कं केलं होतं. हे कळल्यावर सर भर पावसात आमच्याकडं आले. तेव्हा आमच्या घराला पाल्याचं छप्पर होतं. सर स्टुलावर बसले, नेहमीप्रमाणं वर बघितलं, आणि तेवढ्यात त्यांच्या कपाळावर थेंब पडला. त्यांनी स्टूल सरकवलं आणि बोलायला लागले. पोरीला डोकं आहे. तिला अकरावीला घाला. परत थेंब. परत स्टूल. असं करत करत ते सगळं घर फिरले, पण बोलायचे थांबले नाहीत. आई चुलीपाशी बसून ऐकत होती. शेवटी स्टूल चुलीला येऊन टेकलं तेव्हा आबा म्हणाले, "बरं सर. घालतो."

आबा पुढं सगळ्यांना सांगायचे, "मला पटलं म्हणून न्हाय. सर उठंनात म्हणून व्हय म्हटलं."

निघताना सरांनी दारात पुन्हा वर बघितलं. "पोरगी पास होईल. छप्पर नापास आहे. शाकारणीला मला बोलवा. मी येतो. पैरा."

आबांनी हे हसण्यावारी नेलं. आईनं नेलं नाही. मुलीच्या शाळेतला एवढा मोठा माणूस आपल्या छपराला हात लावायला येणार, हे तिनं मनात घट्ट बांधून ठेवलं. पुढच्या मे महिन्यात आबा आधी सरांच्या छपरावर दिवसभर उन्हात राबून आले. मग आमची पाळी आली. आईनं दादाला, माझ्या भावाला, सांगावा घेऊन पाठवलं. मटणाला मसाला वाटून ठेवला. दादा परत आला तो एकटाच.

"सर म्हणाले, पेपर तपासायचेत. आढ्याला गवत जास्त घाला म्हणाले. आणि कामट्या जवळजवळ बांधा म्हणाले."

आईनं मसाल्याच्या वाटीवर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "आणि आमच्या छपराचा पेपर कोण तपासणार?"

सगळ्यांचे पैरे हवेतले होते. हा एकच खरा होता, आणि तो राहिला. नंतर आम्हालाही घरकुल मिळालं, स्लॅब पडला, विषय संपला असं मला वाटलं. पण दर मे महिन्यात मी सरांच्या शाकारणीला निघाले की आई दुरडीत भाकरी बांधून देई आणि म्हणे, "जा. तुझं शिक्षान हाय त्यांच्यात. पर आमचा एक पैरा ऱ्हायलाय, एवढं ध्यानात असू दे."

आबा गेले तेव्हा सर भेटायला आले. बाहेरच्या सोप्यात माणसं बसलेली. सरांनी वर बघितलं. मला वाटलं, आज तरी ते काही म्हणणार नाहीत. पण सवय ही सवय. "ओल धरलीय," ते म्हणाले.

आई पदरातून म्हणाली, "माणूस गेलाय सर. स्लॅब कुठं पळून चाललाय?"

गेल्या वर्षी वळवाच्या वाऱ्यानं आमच्या गोठ्याचे पत्रे उडाले. एक तर शेजाऱ्याच्या उसात जाऊन उभा राहिला. दादा नवीन पत्रे आणायला निघाला, तर आईनं त्याला उंबऱ्यावरच अडवलं.

"पत्रा नगं. गवत घालायचं."

"आई, येडी झालीस काय? आता कोण गवत घालतंय?"

"आपुन घालायचं. आणि सरांस्नी सांगावा धाडायचा."

दादानं मला फोन लावून दिला. मी आईला समजावलं. सरांचं वय झालंय, गुडघा दुखतो, चालताना काठी लागते. आई शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "तुझ्या आबाचा गुडघा कुणी बघितला व्हता?"

मग मी समजावणं सोडलं. तिला मजूर नको होता. आपण ज्या घरासाठी राबलो, त्या घरानं एकदा तरी आपल्या घरासाठी हात मळवून घ्यावेत, एवढंच तिला पाहिजे होतं, आणि आबांच्या माघारी तर ते जास्तच पाहिजे होतं. मला मात्र धास्ती. सर आले नाहीत, तर आई त्यांचं नाव पुन्हा घरात घेऊ देणार नव्हती. आले आणि शिडीवरून पडले, तर मी कुठल्या तोंडानं कुणाला सांगणार होते, की मी जी काही आहे ती सरांमुळं?

मी गावी आले आणि ग्रुपवर निरोप टाकला: आमच्या गोठ्याची शाकारणी आहे, रविवारी, सरांना पैऱ्याचं आमंत्रण. तोवर कधी न बोलणारे लोकही तासाभरात ‘येतो’, ‘येतो’ म्हणून लिहायला लागले. पुण्याच्या मित्रानं रजा टाकली. सरांचं उत्तर संध्याकाळी आलं. ‘येतो. खुर्ची ठेवा.’

मी आईला वाचून दाखवलं.

"सांग त्यांस्नी," आई म्हणाली, "खुर्ची न्हाय. शिडी ठेवलीया."

मी ते सभ्य करून लिहिणार होते. दादानं माझ्या हातातून मोबाईल घेऊन आईचे शब्द जसेच्या तसे टाकले.

रविवारी सर स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून आले. चालवत होत्या काकू. सरांच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि ते त्यांनी उतरल्यावरही काढलं नाही. पँट मोज्यात खोचलेली, गळ्यात शिट्टी, हातात छत्रीचा सांगाडा. आमची सगळी बॅच गोठ्याभोवती उभी. एवढी हजेरी त्यांच्या शाकारणीला कधी नव्हती.

सरांनी गोठ्याला सावकाश प्रदक्षिणा घातली. वाशांना छत्री टोचली. खिशातून कंपासपेटीतला कोनमापक काढला, एका वाशाला लावला आणि डोळा बारीक केला. "उताराचे अंश थोडे कमी पडतात. त्यामुळं पाणी..."

"म्हशीला अंश कळत न्हाईत सर," आई म्हणाली. "चढा."

"वहिनी, मी खालून मार्गदर्शन करतो."

"मार्गदर्शन आमच्याकडं लई हाय. गवत बांधाय माणूस कमी हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी शिट्टीला हात घातला आणि सोडला. ते काकूंकडं बघायला लागले.

"माझ्याकडं बघू नका," काकू म्हणाल्या. "मी यांना लग्नापासून शिडीवर चढलेलं बघितलेलं नाही. दिवाळीचा आकाशकंदील पण मीच लावते."

हे आम्हाला नवीन होतं. इतकी वर्षं छपराबद्दल बोलणारा माणूस छपरावर कधी गेलाच नव्हता. म्हणजे ती खुर्ची नुसत्या मोठेपणाची नव्हती. सरांना उंचीची भीती होती, आणि ती लपवायला त्यांनी शिट्टी, छत्री, बाक, गुण, सगळा संसार उभा केला होता. आता तो संसार आमच्या उकिरड्याशेजारी उघडा पडला. मला वाटलं, आता आई म्हणेल, ऱ्हाऊ द्या सर. पण ती शिडीला हात लावून उभी राहिली.

सरांनी शिडीकडं खालून वर, वरून खाली बघितलं. छत्री काकूंच्या हातात दिली. चपला काढल्या, जोडीनं लावून ठेवल्या, आणि चढायला लागले. हवालदारानं खालून शिडी धरली. दोन पायऱ्यांवर ते थांबले. "हलवू नकोस."

"मी न्हाय हलवत सर. तुमीच हलालाय."

आढ्यावर बसलेल्या चहावाल्यानं वरून आवाज दिला. "सर, वर येऊ नका. तुमी वळचणीला बसा. नवीन ॲडमिशन!"

गोठ्याभोवती असा हशा झाला की म्हशी उठून उभ्या राहिल्या. सरांनी मान वर केली, चहावाल्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." आणि वळचणीला बसले. शेजारी तालुक्याचा साहेब. त्यानं सरकून जागा दिली.

ज्यांचा जन्म वर बघण्यात गेला, त्यांच्यावर पहिल्यांदाच खाली बघायची पाळी आली होती, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटून, एका हातानं वासा घट्ट धरून, दुसऱ्या हातानं त्यांनी एक पेंढी बांधली. त्या एका पेंढीला जेवढा वेळ लागला तेवढ्यात बाकीचा गोठा शाकारून झाला. दादा म्हणाला, "सर, गाठ बघू."

"बघायचं नाही. परीक्षा चालू आहे."

काम संपलं, सगळे उतरले, सर उतरेनात. डोळे उघडल्याशिवाय शिडी सापडत नव्हती आणि डोळे उघडायला ते तयार नव्हते. आम्ही खाली उभे राहून विनवण्या करत होतो आणि ते वरून, मिटल्या डोळ्यांनी, गवताच्या काडीवरून पाणी कसं ओघळतं हे समजावून सांगत होते. शेवटी आईनं तांबड्या रश्श्याचं पातेलं मुद्दाम गोठ्याखालून नेलं. सरांचं व्याख्यान मध्येच थांबलं. हवालदारानं पाय धरून एकेक पायरी दाखवली आणि ते उतरले.

पंगतीत कुणीतरी विचारलं, "सर, मटण? गाठ सैल पडते ना?"

"गाठ आता बांधून झालीय," सर म्हणाले आणि वाटी पुढं केली. काकूंनी कपाळाला हात लावला. आई वाढत होती. तिनं सरांच्या ताटात दोनदा नळी घातली. ती हसत नव्हती, पण आबा गेल्यापासून पंगत वाढताना तिचा हात एवढा सैल पडलेला मी बघितला नव्हता.

पाऊस लागला. सगळा गोठा कोरडा, आणि वळचणीजवळ एका जागी टप्, टप्. आईनं तिथं बादली ठेवली, दादाला मोबाईल धरायला लावला आणि ग्रुपवर बोलली: "सर, तुमची पेंढी गळाय लागलीया. नापास."

हवालदारानं हसण्याचं चित्र टाकलं आणि लगेच पुसलं. मग आईला सरांचा फोन आला.

"धार आहे की थेंब?"

"थेंब."

"थेंब असेल तर नापास कसं? साठ तरी द्यायला पाहिजेत."

"साठ? म्हस सरकून बसलीया सर. पस्तीस देतो. काठावर."

"फेरतपासणी होईल?"

"झाली फेरतपासणी. पस्तीस."

मग सर म्हणाले, "चालेल. पण ग्रुपवर पास म्हणून सांगा."

आईनं सांगितलं. शाळेची पायरी न चढलेली माझी आई, तिनं सरांना काठावर पास केलं, हे आमच्या भावकीत अजून सांगतात. दादानं दुसऱ्या दिवशी ती गाठ आवळायला शिडी लावली, तर आईनं त्याला खाली ओढलं. "हात लावू नगंस. सरांचं हाय त्ये."

या वर्षी मे महिन्यात सरांचा नेहमीसारखा सांगावा आला. बाकांची यादी, वेळ, जेवायला मुगाची उसळ. खाली एक नवीन ओळ होती: ‘मागील पैरा फिटलेला आहे. हा नवीन धरावा.’ मी चिडले. एक पेंढी बांधून हा माणूस परत मोकळा, आणि आम्ही परत छपरावर! आईला म्हटलं, यंदा जायचं नाही.

"जायाला नगं? न्हाय गेलं तर पैरा आपल्यावर चढंल की," आई म्हणाली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

दादानं तेवढ्यात पुन्हा पत्र्याचा विषय काढला. गोठ्याचं गवत एका पावसाळ्यातच काळं पडलं होतं, उंदीर झाले होते, यंदा पत्रे घालून टाकू म्हणाला. आईनं पिठाचा हात तसाच वर धरला.

"पत्रं घातल्यावर सरांस्नी बोलवायचं कशाला?"

म्हणजे आता गावात छपरं दोन झाली. त्या दुपारी मी आईला शोधत गोठ्याकडं गेले. दार आतून ओढलेलं, झरोक्याला पोतं अडकवलेलं. मी दार ढकललं. आत अंधारात, म्हशींच्या मध्ये, आबांची जुनी काठी घेऊन आई मान मागं टाकून उभी होती.

"दार लाव गं," ती वर बघतच ओरडली. "उजेड आत आला की सरांचं भोक सापडंना हुतंय."